ताकदवान पीसी, तरी गेम अडखळतो: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

आरटीएक्स ४०८० किंवा त्याच्या तोडीचं कार्ड, आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) आकडा छान दिसतोय, आणि तरी दार उघडलं की, गाडी वळली की चित्राला हिसका बसतो. दुकानदार नवं कार्ड सुचवतो, मित्र विंडोज फॉरमॅट करायला सांगतो, यूट्यूबवरचा कुणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगच्या साठ्यात, वीस बदल करायला लावतो. यातलं काय कधी निवडायचं, ते इथे शेजारीशेजारी ठेवून पाहू.

आधी एक हिशेब. १४४ एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ६.९ मिलिसेकंद येतात. एका सेकंदात एकच फ्रेम ६० मिलिसेकंदांची झाली, तर उरलेल्या ९४० मिलिसेकंदांत १३५ फ्रेम बसतात. म्हणजे १४४ चे झाले १३६. आकड्यात फरक नगण्य, पण मॉनिटरने तेच चित्र आठ-नऊ वेळा दाखवलेलं असतं आणि डोळा ते लगेच पकडतो. म्हणून नुसता एफपीएस बघून केलेली खरेदी अंदाजपंचेच. बघायचा तो फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला याचा, आलेख. आफ्टरबर्नरसोबत वापरला जाणारा रिव्हाट्यूनर, कॅपफ्रेमएक्स, इंटेलचा प्रेझेंटमॉन: तिन्ही फुकट आहेत, कुठलंही एक पुरे.

एकच भाग दोनदा खेळा

गेमचा दहा मिनिटांचा एक भाग निवडा, त्याच वाटेने, त्याच सेटिंगवर दोनदा खेळा. मध्ये पीसी बंद करू नका. खर्चाचा निम्मा निर्णय इथेच होतो.

पहिल्या खेपेला हिसके आले आणि दुसऱ्यांदा जवळपास गायब झाले, तर दोष शेडरचा. शेडर म्हणजे पृष्ठभागावर उजेड कसा पडावा, धूर कसा दिसावा हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम. तुमच्याच कार्डासाठी आणि तुमच्याच ड्रायव्हरसाठी ते नव्याने तयार करावे लागतात. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्याने तिथे ते तयार करूनच पाठवता येतात. पीसीवर ते काम गेमने सुरुवातीलाच उरकलं नाही, तर ऐन खेळात करावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या कॅलिस्टो प्रोटोकॉलची पीसी आवृत्ती यासाठीच बदनाम झाली. उलट मार्च २०२३ चा द लास्ट ऑफ अस पार्ट वन हे काम आधीच करून घेत होता, तर लोक मेन्यूवरच ताटकळले. दोन्हींवर शिव्या पडल्या. मला विचाराल तर ताटकळणं परवडलं.

दोन्ही खेपांना त्याच जागी हिसका बसला, तर गेम पुढचा प्रदेश मेमरीत आणताना अडखळतोय. एप्रिल २०२३ चा स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर आणि एप्रिल २०२५ चा ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड ही याची ठळक उदाहरणं. दोन्ही अनरियल इंजिनवरचे, आणि दोन्ही अगदी महागड्या पीसीवरही अडखळले.

सुरुवातीला लोण्यासारखा चालणारा गेम अर्ध्या-पाऊण तासाने बिघडत असेल, तर व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) भरतेय, रॅम भरतेय किंवा काहीतरी तापतंय. कुठलाही गेम लावला तरी ठरावीक अंतराने हिसका येत असेल, तर गेमला बोल लावू नका. मागे चालणारं काहीतरी, एखादा ड्रायव्हर किंवा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) यांत शोधा. आणि आलेख सपाट असूनही पात्र मागे खेचलं जात असेल, तर तो स्टटर, म्हणजे आपण बोलतोय तो चित्राचा हिसका, नव्हे, तर नेटचा लॅग. व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटर गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. पुण्या-नाशिकात बसून तिथे असं होत असेल, तर नव्या कार्डाआधी वायफाय सोडून केबल लावून बघा.

फॉरमॅट की साफसफाई की काहीच नको

फॉरमॅट हा आपल्याकडचा सर्वात लाडका उपाय. एक दिवस जातो, गेम पुन्हा डाउनलोड होतात, आणि शेडर किंवा प्रदेशाचा स्टटर असेल तर तो जसाच्या तसा परत येतो. फॉरमॅट उपयोगी पडतो तो चौथ्या प्रकारात, म्हणजे सगळेच गेम अडखळत असतील आणि मशीनवर वर्षानुवर्षांचे आरजीबीचे, मदरबोर्डचे, अँटिव्हायरसचे थर चढले असतील तेव्हा. पण त्याआधी हे सगळे प्रोग्रॅम एकेक करून बंद करून बघण्यात काय जातं? लेटन्सीमॉन चालवलं की कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते बहुतेकदा नावानिशी कळतं.

डीडीयू हा प्रोग्रॅम वापरून ग्राफिक्स ड्रायव्हर मुळापासून काढणं हा मधला मार्ग. इंटेल-एएमडी-एनव्हिडिया अशी कार्डाची कंपनी बदलली असेल किंवा एखाद्या नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर तो जरूर करा. मात्र ड्रायव्हर बदलला की तयार शेडरचा साठा निकामी होतो आणि गेमला ते सगळे पुन्हा बनवावे लागतात. त्यामुळे पहिल्या तासात स्टटर उलट वाढलेला दिसतो आणि माणूस घाबरून पुन्हा जुना ड्रायव्हर टाकतो, म्हणजे साठा पुन्हा शून्य. डीडीयू केलं तर निदान दोन-तीन बैठका कळ काढा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशची मर्यादा १० जीबी किंवा त्याहून जास्त करून ठेवणं हे दोन क्लिकचं काम. बरेच मोठे गेम आलटूनपालटून खेळत असाल तर करून टाका.

रजिस्ट्रीतल्या वीस बदलांवर वेळ घालवू नका. काय बदललं हे लक्षात राहत नाही आणि पुढचा शोध अवघड होतो.

फ्रेमला लगाम की मोकळं रान

फुकटच्या उपायांत माझं पहिलं मत फ्रेम कॅपला, म्हणजे एफपीएसला वरची मर्यादा घालण्याला. पैसे मोजून १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतल्यावर एफपीएस मुद्दाम बांधून ठेवायचा, हे पटायला जड जातं. पण प्रोसेसर शंभर टक्के फ्रेम काढण्यात गुंतला असेल, तर पुढचा प्रदेश आणायला त्याच्याकडे सवड उरत नाही. कॅप लावली की ती मिळते. जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारा व्हेरिएबल रिफ्रेश) चालू असेल तर कॅप मॉनिटरच्या आकड्याच्या थोडी खाली ठेवायची. अशा वेळी एनव्हिडियाचं रिफ्लेक्स, म्हणजे उशीर कमी करणारी सोय, १४४ हर्ट्झवर स्वतःच १३८ च्या आसपास थांबतं. गेम ९० ते १४० मध्ये वरखाली झोके घेत असेल, तर ९० ला बांधलेला तोच गेम हाताला जास्त गुळगुळीत लागतो.

कॅपची मर्यादाही ठाऊक असू द्या. व्हेरिएबल रिफ्रेश छोटे चढउतार झाकतो, ६० मिलिसेकंदांचा खड्डा झाकत नाही. फ्रेम जनरेशन तर या कामाचंच नाही: ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक रचून घालतं, पण खरी फ्रेमच उशिरा आली तर रचायचं कशावरून? एफपीएसचा आकडा दुप्पट होतो आणि हिसका आहे तिथेच राहतो.

स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्यांना मात्र कॅप नको वाटते, आणि ते बरोबरच आहे. तिथे उशीर जितका कमी तितकं बरं, आणि ते गेम हलकेही असतात. तिथे स्टटर आला तर आधी माउसचा पोलिंग रेट (तो सेकंदाला किती वेळा पीसीला आपली जागा कळवतो तो आकडा) ८००० हर्ट्झवरून १००० वर आणून बघा. काही गेमना इतका मारा झेपत नाही.

रॅम, एसएसडी, प्रोसेसर, कार्ड

हार्डवेअरवर खर्च करायचाच, तर चौघांची तुलना अशी.

नवी रॅम विकत घेण्याआधी बायोस उघडा. डीडीआर५ ची ६००० ची जोडी घेऊन ती ४८०० वर चालवणारे पुष्कळ आहेत, कारण रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो हे सेटिंग चालूच केलेलं नसतं. दुसरं, एकच कांडी लावलेली असेल तर दुसरी लावल्याने हिसक्यांमध्ये जो फरक पडतो तो सरासरी एफपीएसमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. १६ जीबीवर असाल आणि ब्राउझर, डिस्कॉर्ड उघडे ठेवून नवे मोठे गेम खेळत असाल, तर ३२ जीबी सार्थकी लागते. ३२ वरून ६४ वर जाणं स्टटरसाठी जवळपास व्यर्थ. त्यातून २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की गरज सिद्ध झाल्याशिवाय हात लावू नये. डीडीआर५ च्या चार कांड्या लावल्या तर वेग उलट खाली आणावा लागू शकतो, हेही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत कुणी आपणहून सांगत नाही.

एसएसडीचं थोडक्यात उरकतो. गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर तो आजच हलवा; सप्टेंबर २०२३ च्या स्टारफील्डने किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलं होतं. साटा (SATA) प्रकारच्या एसएसडीवरून जास्त वेगवान एनव्हीएमईवर (NVMe) गेल्याने लोडिंग थोडं लवकर होईल, स्टटर क्वचितच कमी होईल. एनव्हीएमईच्या चौथ्या पिढीवरून पाचव्या पिढीवर जाणं ही निव्वळ हौस.

प्रोसेसर हा या यादीतला सर्वात दुर्लक्षित उमेदवार. कार्डावर दीड लाख घालून प्रोसेसर पाच वर्षांपूर्वीचा ठेवणारे लोक जागोजागी भेटतात. एएमडीच्या एक्स३डी मालिकेचं मर्म कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या अतिवेगवान मेमरीत आहे: एप्रिल २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश होती, त्याच पिढीतल्या साध्या ५८००एक्स मध्ये ३२. गेमला वारंवार लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता जवळच सापडते, त्यामुळे सर्वात वाईट फ्रेम सुधारतात. खूप पात्रं, खूप वाहनं, मोठं शहर असलेल्या गेममध्ये आणि सिम्युलेशनमध्ये हे ठळक दिसतं. एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट) बोर्ड असेल तर ७८००एक्स३डी किंवा नोव्हेंबर २०२४ चा ९८००एक्स३डी बायोस अद्ययावत करून थेट बसतो. प्रदेश लोड होतानाचा हिसका यानेही पुरता जात नाही, लहान होतो. तेवढ्यासाठी बोर्ड, रॅम, प्रोसेसर असं सगळंच बदलावं लागणार असेल तर मी थांबेन.

तुमच्याकडे इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल, आणि हिसक्यांसोबत गेम बंद पडत असेल किंवा कार्डात भरपूर मेमरी असताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येत असेल, तर प्रकरण वेगळं. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोडची (बायोसमार्फत येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस आधी अद्ययावत करा. पण झीज होऊन गेली असेल तर बायोसने ती भरून येत नाही. तिथे वॉरंटीच मागायची. एएमडीवाल्यांनाही २०२२ मध्ये एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे मधूनच अडखळण्याचा त्रास होता आणि तो बायोसनेच मिटला. जुना बोर्ड कधीच अद्ययावत केला नसेल तर हे आधी तपासा.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. स्टटरसाठी नवं कार्ड घेण्याचं एकच सबळ कारण म्हणजे अपुरी व्हीरॅम. ते फुकटात तपासता येतं: टेक्स्चर एक-दोन पायऱ्या खाली आणा, बाकी काही बदलू नका. हिसके गेले, तर व्हीरॅमच कमी पडत होती. मग टेक्स्चर तिथेच ठेवून खेळायचं की पैसे घालायचे हा प्रश्न उरतो, आणि ८ जीबीच्या कार्डावर मी आधी पहिला मार्ग घेईन. नवं घेताना मात्र आरटीएक्स ५०६० टीआयसारखं एकच कार्ड ८ आणि १६ जीबीत मिळतं, तिथे १६ च घ्या. टेक्स्चर उतरवूनही हिसके तसेच राहिले, तर दीड लाखाचं कार्डही ते घालवणार नाही.

उष्णतेसाठी खरेदी लागतेच असं नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला बंद खोलीत खेळणाऱ्याच्या पीसीला जी हवा मिळते, तिच्यात परदेशी चाचण्यांचे आकडे लागू होत नाहीत. रायझन ७००० मालिका ९५ अंशांपर्यंत जाणं हे तिच्या रचनेतच आहे, तेवढ्याने घाबरू नका. पण तापमान चढताना प्रोसेसरचा वेग पायरीने खाली येताना दिसला, तर आधी जाळ्या साफ करा, मग थर्मल पेस्ट, मग कूलर.

दुरुस्तीची वाट की पैसे परत

काही गेमचा स्टटर तुमच्या हातात नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एल्डन रिंग आला तेव्हा तगडे विंडोज पीसी अडखळत होते, आणि त्याच महिन्यात आलेल्या चार कोअरच्या स्टीम डेक या हातातल्या पीसीवर वाल्व या स्टीमच्या कंपनीने आपल्या प्रोटॉनमध्येच (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तोडगा घातला होता. अशा वेळी खर्च करणाऱ्याचा पैसा वाया जातो, थांबणाऱ्याला कधी फळ मिळतं, कधी नाही. जेडाय: सर्व्हायव्हरला मोठी सुधारणा आणि डेनुवो (चोरीविरोधी संरक्षण) काढून टाकणं यासाठी सप्टेंबर २०२४ उजाडला, आणि प्रदेश बदलतानाचे हिसके त्यानंतरही पुरते गेले नाहीत.

नव्या गेमबाबत माझा कल पैसे परत घेण्याकडे आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परतावा मिळतो. गेम उघडून मेन्यूवर शेडर तयार होत बसले, तर तो वेळही या दोन तासांत मोजला जातो. म्हणून सुरुवातीच्या संवादांत रमू नका, पात्राचा चेहरा घडवत बसू नका. शेडर तयार झाले की थेट मोकळ्या मैदानात जा आणि वरची दोन खेपांची चाचणी तिथे करा. दुसऱ्या खेपेलाही त्याच जागी हिसका बसला आणि कॅप लावूनही हटला नाही, तर परताव्याचा अर्ज त्याच संध्याकाळी भरा.