थ्रॉटल नसलेले विमान: एएसके-२१ ग्लायडरचा अनुभव

मी मूळचा बीडचा आणि पेशाने वैमानिक. तरीही ‘एएसके-२१’ या जर्मन बनावटीच्या दोन आसनी ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने, पहिल्याच उड्डाणात मला पुन्हा विद्यार्थी करून सोडले. पंखांचा विस्तार १७ मीटर, आणि शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून सुमारे ३४ किलोमीटर तरंगत जाण्याची क्षमता. ग्लायडरला दोराने ओढून वर चढवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राचा, म्हणजे विंचचा, दोर सुटला तेव्हा एवढी शांतता पसरली, की माझा हात सवयीने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, शोधू लागला. कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) बाहेरून चिकटवलेला लोकरीचा धागा मात्र प्रत्येक वळणात तिरका होऊन माझ्या पायांचा आळस उघडा पाडत होता, कारण एवढ्या लांब पंखांच्या विमानात पायांनी चालवायच्या रडरकडे (शेपटीवरच्या सुकाणूकडे) केलेले दुर्लक्ष खपत नाही. आमच्याकडे नांगरलेल्या काळ्या रानावर घारी पंख न हलवता घिरट्या घालताना लहानपणापासून पाहिल्या होत्या; तशाच तापून वर चढणाऱ्या हवेत शिरताच चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या व्हेरिओमीटरचा काटा वर सरकला. उतरताना दुसरी संधी नसते, त्यामुळे उंचीचा हिशेब एअरब्रेकने (पंखांवर उघडून उंची झपाट्याने कमी करणाऱ्या पट्ट्यांनी) आधीच जुळवावा लागतो. ग्लायडिंग केंद्रावर मात्र पाळीसाठी चार तास उन्हात ताटकळावे लागले. पुढच्या खेपेला टोपी आणि पाणी घरूनच नेईन.