आरटीआय ऑनलाइन महाराष्ट्र: टपाल झकास, दप्तर मात्र तेच

माहिती अधिकारात (आरटीआय) महापालिकेकडून किंवा नगरपालिकेकडून कागद काढायला राज्य सरकारचं आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळ कितपत कामाचं? अर्ज पोहोचवायला आणि तो कोणत्या तारखेला पोहोचला हे सिद्ध करायला उत्तम. कागद सापडण्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. पाचपैकी तीन तारे.

आधी नेहमीची गफलत. केंद्राचं आणि राज्याचं संकेतस्थळ दिसायला सारखं, पण वेगळं आहे. महापालिकेसाठीचा अर्ज केंद्राच्या संकेतस्थळावर टाकलात तर तो परत येतो, १० रुपये मात्र परत येत नाहीत. राज्याच्या यादीत आपली संस्था आहे की नाही, हे मजकूर लिहीत बसण्याआधी पाहा. नसेल तर सरळ कागदी अर्ज करा: जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच.

ऑनलाइन अर्जाला मर्यादा १५० शब्दांची, आणि विषय एकच. लोक यावर चिडतात, पण ही संकेतस्थळाची लहर नाही, २०१२ मध्ये राज्याच्या नियमांत आलेली अट आहे. खरं तर १५० शब्द भरपूर झाले. ‘रस्ता निकृष्ट का झाला, सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की उत्तर ठरलेलं: माहिती या व्याख्येत बसत नाही. कार्यालयाकडे जे अभिलेख आहेत तेच द्यायचे, नवीन माहिती तयार करून द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणून कागदाचं नाव घ्या. आर्थिक वर्ष, प्रभाग, कामाचं नाव आणि त्यापुढे: कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, अंतिम देयक, नस्तीतील (म्हणजे फाईलमधील) टिपणी व पत्रव्यवहार. मोजमाप पुस्तकाला ‘एमबी’ म्हटलं तरी बांधकाम विभागात सगळ्यांना कळतं.

पैसे भरले की नोंदणी क्रमांक मिळतो. तो जपा, पुढचं सगळं त्यावर चालतं. या सेवेचा खरा फायदा हाच. ‘अर्ज मिळालाच नाही’ हे उत्तर बंद झालं. उत्तरासाठीचे ३० दिवस कधी सुरू झाले यावर वाद उरला नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. प्रतींचे पैसे भरा असं पत्र आलं की ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

आता गाडं जिथे अडतं ते. अर्ज ऑनलाइन असला तरी जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, शेवटी अभिलेख कक्षातल्या गठ्ठ्यांपाशीच जातो. कोणता कागद किती काळ जपायचा याची सरकारी दप्तरात वर्गवारी ठरलेली आहे: ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं, ‘ड’ १ वर्ष. नस्ती बंद करताना हा वर्ग टाकलाच नाही, तर ती ना सूचीत येते ना नष्ट होते. नुसती पडून राहते. मग ‘अभिलेख आढळून येत नाही’. अशा वेळी नस्ती मागण्याबरोबर अभिलेख सूचीचं संबंधित पान आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंदवहीही मागा. नष्ट केल्याची नोंद नसेल तर कागद असायला हवा, आणि तो हरवला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू होतो. बेकायदा नष्ट करण्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे कलम अपिलात लिहिलं की हरवलेल्या नस्त्या कधी कधी सापडतात.

स्कॅनिंगने हा प्रश्न सुटला असं समजू नका. पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ केलं, फाईलला यंत्राने दिलेलं नाव तसंच ठेवलं, नस्ती क्रमांक आणि वर्ष टाकलंच नाही, तर तो गठ्ठा कपाटातून निघून संगणकात गेला इतकंच. ई-ऑफिस या सरकारी संगणक प्रणालीतल्या नस्त्या याहून कितीतरी बऱ्या. तिथली हिरवी टिपणी कायम झाली की बदलता येत नाही, आणि नस्ती कोणाकडे किती दिवस होती याचा हालचाल तपशील निघतो. तो आवर्जून मागा. पिवळी टिपणी मात्र कच्ची असते, ती खोडता येते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. अशी नस्ती ईमेलवर मागायला हरकत नाही. माहिती अधिकार कायद्यात फ्लॉपी आणि व्हिडिओ कॅसेटचा उल्लेख आहे खरा, पण पुढे ‘अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ असंही आहे.

नस्ती क्रमांकच माहीत नसेल तर संकेतस्थळ बाजूला ठेवा आणि सोमवारी दुपारी जा. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी ३ ते ५ अभिलेख पाहू द्यावेत, असा सामान्य प्रशासन विभागाचा नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती. नस्ती चाळा, हव्या त्या पानांचे क्रमांक टिपा आणि तेवढ्याच पानांचा अर्ज करा. तीनशे पानांचे सहाशे रुपये भरण्यापेक्षा बारा पानांचे चोवीस परवडतात.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात आणि ते राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे जातं. त्यासाठी मूळ अर्ज, नोंदणी क्रमांकाची पावती, अधिकाऱ्याचं उत्तर आणि पहिल्या अपिलाचा आदेश यांच्या छापील प्रती वेळच्या वेळी काढून ठेवा.