अंबडच्या बोल्टला पैसा कुणाचा घ्यावा?

नाशिकच्या अंबडला नट-बोल्ट बनवणाऱ्या मित्रापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका जर्मन कंपनीला कारखान्यात हिस्सा हवाय, तसाच आखातातल्या एका गुंतवणूकदारालाही. आखातवाल्याचा भाव चढा, शिवाय धूर-पाण्याचं तो अवाक्षर काढत नाही. जर्मनांनी मात्र त्यावरच चाळीस पानी प्रश्नावली धाडलीय.

कागदपत्रांत डावं-उजवं काही नाही. उत्पादन क्षेत्रात १०० टक्के थेट परकीय गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटने, म्हणजे सरकारची आधी परवानगी न घेता येते, शेअर दिल्यावर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवायचं. ते सीए बघेल.

खरा प्रश्न माल कुठे जातो हा. माल बनवताना सुटलेल्या कार्बनवर युरोपीय संघ सीमेवर घेतो तो कर, म्हणजे सीबीएएम, १ जानेवारी २०२६पासून पुरता लागू झाला. त्यात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं आहेत, आणि नट-बोल्टही. पैसे तिकडचा आयातदार भरतो, पण कार्बनचा हिशेब आपल्याकडे मागतो. पडताळलेला आकडा नसेल तर ठोकताळ्याचा धरतात, तो बहुधा चढाच. आयातदाराची वर्षाची आवक ५० टनांच्या आत असेल तर सूट. बोल्टचे दोन-तीन कंटेनर गेले की ती संपली.

मित्र म्हणाला, "छपरावर सोलर टाकलंय की!" गफलत होते ती इथेच. पोलादी मालात सीबीएएम सध्या वीज धरत नाही. धरतो तो आपल्या भट्टीतल्या इंधनाचा आणि बोल्टसाठी विकत आणलेल्या वायर रॉडमागचा (जाड पोलादी तारेमागचा) कार्बन, आणि मोठा वाटा रॉडचाच. कोळशावरच्या झोतभट्टीचं पोलाद इथे महागात पडतं, भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं बरंच हलकं. सोलरने बिल उतरेल, एवढंच.

नियम ढिले ठेवले की परदेशी पैसा येतो, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. युरोपला जाणाऱ्या पोलादी मालाच्या बाबतीत ते उलटं पडतंय: एखाद्या देशातलं पोलाद जितकं कोळशावर, तितका त्या देशातला कारखाना गुंतवणूकदाराला जड.

आखाती पैसा वाईट नाही. माल देशातच, चाकणला जात असता तर मी तोच घ्या म्हटलं असतं. पण प्लेटिंगचं (मुलाम्याचं) सांडपाणी नासर्डी नदीत गेलं तर आखातवाला नाही विचारणार, प्रदूषण नियंत्रण मंडळ विचारेल.

मित्राचा निम्म्याहून जास्त माल युरोपला जातो, तिथे हा हिशेब द्यावाच लागणार. म्हणून मी जर्मनांच्या बाजूचा, पण एका अटीवर: आधी रॉड देणाऱ्या मिलकडून कार्बनचा आकडा लेखी मागव. तो हातात आला की भावाची घासाघीसही करता येईल.