मूकपटांच्या कॉपीराइट फायली: लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्लास एल' संग्रह, उपयोग आणि अडचणी

व्हायटाग्राफ, केलम, ल्यूबिन अशा जुन्या अमेरिकी स्टुडिओंचे मूळ कागद घरबसल्या आणि फुकट पाहायचे तर पहिलं ठिकाण म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचा 'मोशन पिक्चर कॉपीराइट डिस्क्रिप्शन्स, क्लास एल, 1912–1977' हा संग्रह. मात्र पटकथा मिळेल या आशेने फाइल उघडणाऱ्याची बहुधा निराशा होते. आत असतो कथासारांश, टंकलेखन केलेली थोडीशी पानं. पूर्ण पटकथा सापडली तर नशीब समजायचं.

हे कागद मुळात कॉपीराइटसाठी जमा झाले. 24 ऑगस्ट 1912 च्या दुरुस्तीने अमेरिकेत चित्रपटाला कॉपीराइटचा स्वतंत्र वर्ग मिळाला: कथापटांसाठी एल, बाकीच्यांसाठी एम. त्याआधी चित्रपटाची नोंद छायाचित्र म्हणून व्हायची आणि अनेक कंपन्या अख्खी फिल्म कागदावर छापून देत. नव्या कायद्यानंतर नायट्रेटच्या प्रती जमा होऊ लागल्या, पण ती फिल्म चटकन पेट घेणारी. त्यामुळे प्रती कंपनीला परत जायच्या आणि ग्रंथालयाकडे वर्णनाचे कागद राहायचे. म्हणजे फाइलमधला मजकूर लिहिला गेला तो नोंदणीसाठी, दिग्दर्शकासाठी नव्हे. एवढं ध्यानात ठेवलं की अर्ध्या तक्रारी मिटतात.

शोध संकेतस्थळाच्या शोधपट्टीतून सुरू करू नका. आधी 1951 साली छापलेली 'मोशन पिक्चर्स 1912–1939' ही नोंदसूची उघडा; तिचं स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आहे. शीर्षकाखाली कंपनी, रिळांची संख्या, तारीख आणि क्रमांक मिळतो. 'एलपी' म्हणजे प्रकाशित, 'एलयू' म्हणजे अप्रकाशित. एलयूच्या नोंदीत शीर्षक आणि वर्णनासोबत किती 'प्रिंट्स', म्हणजे फिल्ममधल्या चौकटींची (फ्रेमची) छापील चित्रं, दिल्या तो आकडाही असतो. कायद्याने प्रत्येक दृश्याची एक चौकट मागितली होती, म्हणून हा आकडा दृश्यसंख्येचा चांगला अंदाज देतो. त्या काळचा 'सीन' आजच्या शॉटच्या जवळ जातो, हेही लक्षात असू द्या. चित्रपट पूर्ण नष्ट झाला असेल तर त्याच्या बांधणीचा इतका ठोस पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

रिळांचा आकडा तपासणीच्या कामी येतो. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी. 1,000 फुटांचं रीळ सेकंदाला 16 चौकटींनी चालवलं तर साधारण पावणेसतरा मिनिटं, 20 ने चालवलं तर तेरा-चौदा. एकरिळी चित्रपटाच्या सारांशात तीन पिढ्यांचं महानाट्य दिसलं तर समजावं, लिहिणाऱ्याने हात सैल सोडला आहे.

आता अडचणी. यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका. कार्बन प्रतीची फिकट, पसरलेली अक्षरं यंत्राला नीट लागत नाहीत, त्यामुळे पात्राचं नाव टाकून केलेला शोध फसतो. प्रतिमा उघडून डोळ्यांनीच वाचावं लागतं. नोंदणीचं शीर्षक आणि प्रदर्शनाचं शीर्षक नेहमी जुळत नाही. मालिकापटाचे भाग वेगवेगळ्या क्रमांकांखाली असतात, म्हणून एकच फाइल बघून 'उरलेलं गायब आहे' असं ठरवू नये. आणि सगळ्यात घातक चूक: सारांशातला शेवट हाच चित्रपटाचा शेवट धरणं. पात्रांची नावं, पडद्यावरच्या पाट्यांचा मजकूर, शेवटचा प्रसंग हे सारं प्रदर्शनाच्या प्रतीत बदललेलं असू शकतं. पडताळणीसाठी 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' या त्या काळच्या चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकाचे अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत मोफत आहेत. फक्त दोन्हीकडे शब्दन् शब्द तोच सारांश दिसला तर तो दुसरा पुरावा धरू नका. कंपनीचंच पत्रक दोन ठिकाणी गेलेलं असतं.

खरीखुरी जुनी पटकथा हवी असेल तर या संग्रहाबाहेर पडावं लागतं. 1904 साली 'पर्सनल' या चित्रपटाच्या नकलेवरून बायोग्राफ आणि एडिसन कंपनीत कोर्टबाजी झाली. त्याच वर्षी बायोग्राफने 'द सबर्बनाइट'ची पटकथा नाट्यकृती म्हणून नोंदवली. असे कागद क्लास एलमध्ये शोधून मिळणार नाहीत. ते नाटकांच्या नोंदीत आहेत. अमेरिकी निर्माते थॉमस इन्स यांच्या स्टुडिओची क्रमांकवार दृश्यांची पटकथा हा तर निराळाच प्रकार. तिच्यावर शिक्का असायचा की इन्सना विचारल्याशिवाय एकही दृश्य गाळू वा वाढवू नये. निर्मितीचा अभ्यास करणाऱ्याला क्लास एलच्या अनेक सारांशांपेक्षा अशी एक पटकथा जास्त देते.

ओळख पटवण्याच्या कामात मात्र क्लास एलला तोड नाही. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड पीअर्स यांच्या 2013 च्या अहवालानुसार 1912 ते 1929 मधल्या 10,919 पूर्ण लांबीच्या अमेरिकी मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकले 14 टक्केच. सुरुवातीची पाटी हरवलेलं एखादं रीळ हाती आलं, तर कथानकाचा सांधा जुळवायला हीच पानं उपयोगी पडतात.

आपल्याकडच्या मूकपटांसाठी असा साठा शोधू नका. त्या काळी भारतात लागू असलेल्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याला नोंदणीची गरजच नव्हती, त्यामुळे वर्णनाचे कागद कुठे जमा झाले नाहीत. तिथे जाहिराती, चित्रपटगृहात वाटलेल्या पुस्तिका आणि 1920 पासूनची सेन्सॉर मंडळांची कागदपत्रं धुंडाळावी लागतात.