सिटाडेल कॉन्ट्रास्ट: कोट एकच, पण ब्रश दोनदा फिरवावा लागतो

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने २०१९ साली युद्धखेळांच्या छोट्या प्लास्टिक मूर्ती, म्हणजे ‘मिनी’, रंगवण्यासाठी ‘सिटाडेल कॉन्ट्रास्ट’ रंग बाजारात आणले. कंपनीचा दावा सोपा होता: फिकट प्रायमरवर (रंगाआधी द्यायच्या अस्तरावर) एक जाड कोट द्या, सावली आणि उजेड दोन्ही त्यातच मिळतील. सुरुवातीला ३४ रंग होते, २०२२ साली त्यात आणखी २५ रंगांची भर पडली. कंपनीच्याच वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळात टायरॅनिड (किड्यांसारखे परग्रहवासी) किंवा ऑर्क (हिरवे राक्षसी योद्धे) यांची फौज उभी करायची म्हणजे साठ-सत्तर मिनी रंगवणं आलंच, त्यामुळे हे रंग घ्यावेत का हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. उत्तर आहे, घ्यावेत. पण कुठल्या मिनीवर वापरायचे हे आधी ठरवा, आणि दिलेला कोट सुकेपर्यंत मिनी हातावेगळी करू नका.

रंग काम कसं करतो ते आधी. नेहमीच्या बेस (पहिल्या थराच्या) रंगात पिगमेंट म्हणजे रंगद्रव्य दाट असतं, ते खालचं सगळं झाकतं. कॉन्ट्रास्टमध्ये रंग पारदर्शक असतो आणि तो उंचवट्यावरून घसरून खाचेत उतरावा असं त्याचं माध्यम बनवलेलं असतं. उंचवट्यावर पातळ थर राहतो, त्यातून प्रायमर दिसतो आणि तोच उजेड वाटतो. खाचेत थर जाड होतो, ती सावली. म्हणजे निम्मा परिणाम प्रायमरचा असतो, आणि बहुतेक फसलेल्या मिनींचं मूळ तिथेच सापडतं.

कंपनीचे दोन प्रायमर या रंगांसोबतच आले: ग्रे सीअर थंड करडा, रेथबोन उबदार हस्तिदंती. लाल, पिवळा, कातडी, चामडं यांच्यासाठी रेथबोन घ्यावा. निळ्या-जांभळ्यांसाठी ग्रे सीअर. पिवळा रंग ग्रे सीअरवर दिला तर मळकट दिसतो, आणि मग दोष पिवळ्याच्या डबीला दिला जातो. दोन्ही स्प्रे नेहमीच्या मॅट प्रायमरपेक्षा गुळगुळीत बसतात, आणि ते गरजेचं आहे. खरखरीत पृष्ठभाग रंगाला धरून ठेवतो, खाचेकडे जाऊ देत नाही.

मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात स्प्रे उडवण्याचा मोह टाळावा. हवा दमट असेल तर प्रायमर दाणेदार बसतो, आणि कॉन्ट्रास्ट त्या प्रत्येक दाण्याभोवती अडकून वाळू चिकटल्यासारखे ठिपके देतो. कोरड्या हवेचा दिवस मिळेपर्यंत थांबावं, नाहीतर बाटलीतला ॲक्रिलिक प्रायमर एअरब्रशने मारावा. दोन्ही शक्य नसेल तर तो ब्रशने दोन अगदी पातळ कोटांत लावावा, प्रत्येक कोट पूर्ण वाळू देऊन.

प्रायमरच्या आधी मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाच्या रेघा) चाकूच्या पाठीने खरवडून काढायला हव्यात. जाड बेस रंगाखाली एखादी बारीक रेघ लपून जाते. कॉन्ट्रास्टला मात्र ती रेघ म्हणजे उंचवटाच, तिच्या दोन्ही बाजूंना रंग साचतो आणि मांडीवर शिवण असल्यासारखी दिसते. सांध्यातल्या फटींचंही तसंच, त्या पुट्टीने भरून घ्या.

आता एक टर्मागॉन्ट, म्हणजे टायरॅनिडांचा छोटा सैनिक, जवळून पाहू. रेथबोन प्रायमर, कातडीला स्केलेटन हॉर्ड एक भाग आणि कॉन्ट्रास्ट मीडियम (हे रंग पातळ करायचं बिनरंगी माध्यम) दोन भाग. पातळ करायला पाणी नको. पाण्याने मिश्रणाचा तोल बिघडतो आणि सुकताना कडेला चहाच्या कपाच्या डागासारखं कडं उमटतं. डबी वापरण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवा, तळाशी बसलेला रंग झाकणाच्या जिभेवर एकसारखा दिसायला हवा. मग दोन नंबरचा ब्रश भरून डोक्यापासून सुरुवात करायची आणि ओली कड पुढे ढकलत शेपटीपर्यंत यायचं. एक अवयव पूर्ण झाल्याशिवाय थांबू नये.

इथे ब्रशची दुसरी फेरी येते, आणि जाहिरातीत नेमकी हीच नाही. दुसरा स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवून टिश्यूवर निथळून घ्या. पोटाखाली, गुडघ्यामागे, नख्यांच्या टोकाशी आणि पाय बेसला (खालच्या चकतीला) टेकतात तिथे रंगाचे थेंब जमलेले दिसतील. ब्रशचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, तो रंग शोषून घेईल. हे पहिल्या मिनिटभरातच व्हायला हवं. त्यानंतर रंगावर साय धरते, आणि साय धरलेल्या जागी ब्रश फिरवला तर ती फाटून खाली पांढरा चट्टा पडतो. चट्टा दिसला की हात आपोआप तिकडे वळतो. आवरा. पूर्ण सुकू द्या, दुरुस्ती नंतर.

कातडी सुकायला अर्धा तास धरा, जाड भागाला जास्त. मग पाठीच्या कवचाला शायिश पर्पल, तोंडातल्या मांसल भागाला वोलुपस पिंक, नख्यांना ब्लॅक टेम्पलर. फिकट आणि मोठा भाग आधी, गडद आणि छोटा भाग नंतर, हा क्रम पाळावा. जांभळा कातडीवर सांडला तर त्यावर पुन्हा कॉन्ट्रास्ट देऊन काही झाकलं जात नाही. तिथे डबीतल्या रेथबोनचे दोन पातळ हात देऊन पुन्हा कातडीचा रंग द्यावा लागतो. तरीही ब्रशने दिलेला रेथबोन आणि स्प्रेचा रेथबोन यांचा पोत वेगळा असल्याने ठिगळ किंचित गडद दिसतंच. म्हणून सीमारेषेवर छोटा ब्रश आणि कमी रंग, तिथे घाई नको.

या मिनीवर कॉन्ट्रास्टचं सोनं होतं, कारण टायरॅनिडच्या अंगावर सपाट जागाच नाही. कवचाच्या रेघा, स्नायूंचे पीळ, सुरकुत्या, सगळीकडे रंगाला उतरायला वाट आहे. ऑर्कच्या चामड्यावर, फरवर, दोरखंडावर, कापडाच्या चुण्यांवरही निकाल इतकाच चांगला येतो. स्नेकबाइट लेदर ही डबी तर फक्त पट्टे आणि पिशव्यांसाठी घेतली तरी पैसे वसूल.

स्पेस मरीनवर (जाड चिलखतातल्या मानवी सैनिकांवर) मात्र हिशेब बदलतो. खांद्याचं घुमटासारखं चिलखत गुळगुळीत असतं, रंगाला थांबायला खाच नाही. तो घुमटावरून घसरून कडेच्या पट्टीला लागून साचतो आणि मधे ढगाळ डाग राहतात. ब्लड एंजल्स रेडने पाच मरीन रंगवले तर पाच खांद्यांवर पाच तऱ्हेचे डाग मिळतील. उपाय आहे: रंग कमी घ्यायचा, घुमटाच्या मधोमध सुरुवात करून चारी बाजूंना कडेकडे ओढायचा, कडेचं साचलेलं लगेच उचलायचं, आणि सुकल्यावर कडांना फिकट लाल हायलाइट द्यायचा. इतकं करायचंच असेल तर साधा बेस, शेड (सावलीचा पातळ रंग) आणि लेयर (उजेडाचा थर) यांना तेवढाच वेळ लागतो आणि निकाल जास्त स्वच्छ येतो. रायनोसारख्या सैनिक वाहणाऱ्या चिलखती गाडीच्या सपाट पत्र्यावर तर ब्रशने कॉन्ट्रास्ट देऊच नये. एअरब्रशने पातळ थरांत तो छान बसतो, पण तेव्हा त्याचा मूळ गुण बाजूला राहतो.

रंग सुकल्यावरही नाजूक असतो ही या मालिकेची खरी उणीव. बोट लागलं की नाक, गुडघा, बंदुकीची कड अशा जागी तो घासून जातो आणि प्रायमर उघडा पडतो. रंगवताना मिनी बाटलीच्या बुचावर किंवा होल्डरवर चिकटवून धरा, अंगाला हात लावू नका. खेळायला काढण्याआधी वार्निशचे दोन पातळ कोट हवेतच. १८ मिलिलिटरची झाकणवाली डबीही सोयीची नाही. ती लवंडते, आणि झाकणाच्या कडेला सुकलेला रंग राहिला की हवा आत शिरते. ती कड दर वेळी पुसा. ज्यांना ड्रॉपरची बाटली आवडते त्यांनी आर्मी पेंटरचे स्पीडपेंट २.० किंवा वायेहोचे एक्सप्रेस कलर पाहावेत, जात तीच आहे. स्पीडपेंटच्या पहिल्या आवृत्तीत सुकलेला रंग वरचा ओला थर लागताच पुन्हा सुटायचा. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर बाटलीवरची आवृत्ती वाचून घ्या.

शिकणाऱ्यासाठी या रंगांचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. कॉन्ट्रास्ट चूक लपवत नाही, त्यामुळे दुसऱ्या रंगवणाऱ्याला मिनी दाखवली की नेमका अभिप्राय मिळतो. त्यासाठी फोटो मात्र नीट हवा. दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एकेक पांढरा दिवा, मागे साधा करडा कागद, फोन हातभर लांब ठेवून दुप्पट झूम, फिल्टर बंद. समोरून, मागून आणि दोन्ही कुशींवरून असे चार फोटो. सोबत प्रायमर कोणता, मीडियमचं प्रमाण किती, कोट किती हे लिहा. नुसतं ‘कशी वाटली?’ विचारलं की ‘मस्त’ एवढंच हाती लागतं. ‘खांद्यावरचे डाग कशामुळे?’ विचारलं की समोरचा कोट, प्रायमर आणि हाताचा वेग तपासून सांगतो.

‘रंग पातळ करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो बेस रंगांसाठीचा आहे. कॉन्ट्रास्टच्या मिनीवर कोणी तो दिला तर कुठल्या जागेबद्दल बोलतोय ते विचारा. बहुतेक वेळा त्याला साचलेला रंग दिसलेला असतो, आणि तिथे पातळ करण्याऐवजी उचलण्याची गरज असते. ‘सगळं एकसारखं दिसतं’ असं कोणी म्हटलं तर तोच फोटो फोनवर कृष्णधवल करून पाहा. कवच आणि कातडी दोन्ही एकाच करड्या छटेत आली असतील तर रंग वेगळे असूनही उजेडाचा फरक कमी पडलाय. तेव्हा कातडीच्या मिश्रणात मीडियम आणखी एक भाग वाढवा, किंवा उंचवट्यांवर फिकट रंगाचा हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश) फिरवा.

अभिप्रायातून मिळालेली सुधारणा रंगवून झालेल्या मिनीवर गिरवत बसू नये, पुढच्या पाचांवर करावी. आणि एका खेपेला एकच गोष्ट बदलावी: या पाचांत फक्त साचलेलं उचलणं, पुढच्या पाचांत फक्त मीडियमचं प्रमाण. मिनीच्या बेसखाली बारीक अक्षरांत प्रमाण लिहून ठेवा, १:२ किंवा १:३. चार महिन्यांनी त्याच फौजेत दहा टर्मागॉन्ट वाढवायचे झाले की कातडीची तीच छटा पुन्हा जुळवता येते.