पेनकिलरसोबत काय घ्यायचं, ॲसिडिटीचं जेल की पँटोप्राझोलची गोळी?
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलून गुडघं धरलेली माणसं रोज डायक्लोफेनॅक ही पेनकिलर घेतात आणि वर गुलाबी जेलचे दोन चमचे, झालं काम असं समजतात. पण जेल फक्त तयार झालेलं ॲसिड थोडा वेळ मारतं, जळजळ थांबते, अल्सर म्हणजे पोटातली जखम नाही. अशी पेनकिलर प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे पोटाचं अस्तर जपणारं शरीरातलं रसायन, कमी करते त्यामुळं पोटातल्या अस्तरावरचा चिकट थरच कमजोर होतो, म्हणून गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तरी धोका आहेच बरं का. पँटोप्राझोल ॲसिड बनणंच कमी करतं, नाष्ट्याआधी अर्धा तास, उपाशीपोटी, डॉक्टरला विचारून. साठी ओलांडलेले किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेले, तुम्ही तर जेलवर अजिबात विसंबू नका. आणि संडास डांबरासारखी काळी झाली तर घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा.