ब्रूगेलचं ‘द हार्वेस्टर्स’ घरात लावून आठ महिने झाले, माझा अनुभव

सोळाव्या शतकातला चित्रकार पीटर ब्रूगेल याच्या ‘द हार्वेस्टर्स’ (कापणी करणारे) या चित्राची प्रिंट हॉलमध्ये लावून आता आठ महिने होतील, त्यामुळे घ्यायचं मनात असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय. मूळ चित्र १५६५ चं, लाकडी फळीवर तैलरंगात, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातल्या एका व्यापाऱ्यासाठी वर्षभराच्या ऋतूंची जी मालिका ब्रूगेलने केली त्यातलं हे भर उन्हाळ्यातल्या कापणीचं, मालिकेतली पाचच चित्रं आज शिल्लक आहेत.

पहिली प्रिंट मी २४ बाय ३६ इंचाची मागवली आणि तिथेच चुकलो. मूळ चित्र साधारण ११९ बाय १६२ सेंटीमीटर, म्हणजे ३६ इंच रुंदीला उंची साडेसव्वीसच्या आसपास हवी, २४ मध्ये बसवायला त्यांनी वरून खालून कापलं आणि झाडाचा वरचा भाग गेला. शिवाय फिनिश ग्लॉसी, दुपारी समोरच्या खिडकीचा उजेड पडला की गव्हाच्या जागी नुसता पांढरा चकाकता पट्टा. ती परत केली. दुसरी बरोबर मापाची, मॅट कॅनव्हासवर घेतली, तिच्यावर मी खरंच खूश आहे.

सुरुवातीला फक्त पिवळा रंग दिसायचा आणि झाडाखाली पाय फाकवून, तोंड उघडं टाकून झोपलेला तो माणूस. बाकीचे शेजारी बसून वाडग्यातून खातायत, डावीकडे दोघं अजून कापतायत आणि याला कशाचीच शुद्ध नाही. अंग मोडून काम केल्यावर माणूस अगदी असाच आडवा होतो, ब्रूगेलने ते कुठे बघितलं असेल तसंच्या तसं काढलंय. महिनाभराने लक्ष गेलं की उभ्या गव्हात एक अरुंद वाट कापलीय आणि तिच्यातून एकजण दोन्ही हातात एकेक सुरई घेऊन वर येतोय, गहू त्याच्या खांद्याएवढा. आणि लांबवर पाण्यातली जहाजं तर मला चौथ्या महिन्यात दिसली, रोज समोर बसून चहा पितो तरी!

म्हणूनच सांगतो, छोटी साइज घेऊ नका. मोबाइलवर छान वाटतं पण फुटभराच्या प्रिंटमध्ये मागची माणसं म्हणजे नुसते ठिपके होतात. ऑर्डर करण्याआधी फाइल झूम करून झोपलेल्याचा चेहरा नीट दिसतो का बघा, तो धूसर असेल तर बाकीचं विसरा.

दमट हवेत कॅनव्हासचा एक कोपरा सैल पडला होता, मागच्या फ्रेममधल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकल्यावर परत ताणला गेला. थेट ऊन येत नाही अशा भिंतीवर लावलंय, रंग अजून तरी उतरलेला नाही. फक्त नेहमीपेक्षा थोडं खाली लावा, बसल्यावर ती जेवणारी माणसं डोळ्यांसमोर येतील इतकं, मी गेल्या महिन्यात सहा इंच खाली घेतलं आणि तेव्हा कुठे झाडांमागचं चर्च दिसलं.